फळीवरचा पंजा

त्याचं नाव मी विचारलं नाही, आणि आता विचारायची छातीही नाही.

गोत्रीत आमच्या गच्चीवर माकडं फार. त्यांना पळवायला आणलेली प्लॅस्टिकच्या छर्‍यांची बंदूक ढिली पडली, म्हणून शहराच्या दुसर्‍या टोकाला, तरसालीत, घरी दुरुस्ती करणार्‍या या निवृत्त फिटरकडे गेले. "आवो, बेसो," गुजरातीत म्हणाला. माझं मराठी ऐकल्यावर मराठीत आला.

समोर लाकडी फळी होती. पेचकस, चिमटा, पाने, तेलाची नळी. प्रत्येक हत्यारामागे पेन्सिलीनं काढलेला त्याचाच आकार.

"कारखान्याची सवय. हत्यार जागेवर नसलं की लगेच कळतं."

एकच आकार रिकामा होता. बाईच्या उजव्या हाताचा पंजा.

"स्प्रिंग बसवताना तिसरा हात लागतो, बाई. बायको धरायची. गेली ती."

बंदुकीचा काढलेला प्रत्येक स्क्रू तो आधी मुठीत धरून उबवायचा, मग वाटीत टाकायचा.

"हात लावून बघा," तो म्हणाला. "येणार्‍या सगळ्यांना सांगतो. कुणाचा बसत नाही."

त्याचं मन राखायला उठले. भर दुपारी फळी गार लागली. एकेक बोट रेघेत बसत गेलं. लहानपणी मोडलेली माझी वाकडी करंगळीसुद्धा.

मागे पेचकस थांबला.

"केवढा उशीर केलास," तो म्हणाला. "चल, धर."

मी स्प्रिंग धरली. कुठे धरायची, हे त्यानं सांगितलं नव्हतं.