खोड विचारून घेतलेली गिटार

आमच्याकडं गळ्यात अडकवून वाजवायच्या तारांच्या कुठल्याही वाद्याला बेंजोच म्हणतात. मी जुन्नरकडच्या डिंगोऱ्यात राहतो, शेती करतो आणि लग्नसराईत, यात्रांच्या हंगामात ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. इतकी वर्षं वाजवूनही गावात मी बेंजोवालाच. आधी लोकांना फरक समजावून सांगायचो, मग नाद सोडला.

दोन वर्षांमागं कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाचं टोक गेलं. जखम भरली, बोट आखूड राहिलं. जुन्या गिटारीची मानही त्याच सुमारास वाकली, त्यामुळं सूर चुकला की दोष तिच्यावर ढकलायची सोय होती. ऑर्केस्ट्रा पार्टीच्या मालकानं शेवटी तोंडावर विचारलं, "हंगामाला हुबा ऱ्हानार का? न्हाईतर गिटारीचं समदं कीबोर्डवर घेतो. राग मानू नको." राग मानण्यासारखं त्यात काही नव्हतं, तरी मला आलाच. कीबोर्डवर काय, सनईसुद्धा वाजते.

कांद्यानं यंदा हात दिला होता. म्हटलं, घ्यायचीच तर ती घेऊ. ती म्हणजे कॉलेजात असताना जिचं चित्र मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं ती. मोठमोठे वादक जी गळ्यात घालतात, जिचं नाव काढलं की वाजवणारे जरा नीट बसतात. मंचरला एक निवृत्त वादक आपली विकत होते. जुन्नरलाही साऊंड सिस्टिमच्या दुकानात एक जुनी गिटार आल्याचं कळलं होतं, पण तिची कंपनी कोणी ऐकलेली नव्हती. ती नुसती बघून यायची, असं मी मनाशी धरलं होतं.

सोबत निमगाव सावाचा मामा आला. मामाला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. त्याच्याकडं शर्यतीचे बैल असतात आणि आयुष्यभर त्यानं बैलांचेच सौदे केलेत. त्या सौद्यात एक रीत आहे. विकणाऱ्यानं जनावराची खोड आपल्या तोंडानं सांगायची. मारका असेल तर मारका, बुजत असेल तर बुजतो. खोड लपवून विकलेला बैल माघारी आणून दारात बांधला तरी बांधणाऱ्याला कोणी नावं ठेवत नाही.

मंचरच्या गृहस्थांनी पेटी उघडली आणि मी खरंच जरा नीट बसलो. पिवळसर लाकूड, मानेच्या शेंड्यावर ते नाव. मामानं पेटीत वाकून बघितलं आणि विचारलं, "खोड काय हाय हिची?"

गृहस्थांना ते लागलं. "अहो, कंपनीचं नाव वाचा. हिच्यात खोड नसते."

"मंग वाजवून दावा की."

"घेणाऱ्यानं वाजवावी," ते म्हणाले आणि दोन्ही हातांनी चहाचा कप उचलून खिडकीपाशी गेले.

मी वाजवली. आवाज असा, की वाटलं आता दुसरं काही बघायचंच नाही. पण मान जाड होती. हळदीची गाणी पळायला लागली की आखूड बोट तारेवर पुरेना आणि सूर खरखरायचा. मी आधी केबल बदलायला लावली, मग तारा जुन्या आहेत म्हणालो, मग अ‍ॅम्प्लिफायरला नावं ठेवली. ते बिचारे प्रत्येक गोष्ट करत गेले. उद्या कळवतो, म्हणून आम्ही निघालो.

जुन्नरच्या दुकानदारानं मामाच्या प्रश्नावर हातातलं काम खाली ठेवलं. "पावणं, खोडी दोन. उन्हात ठिवली का सूर उतरतो. आन जनरेटरजवळ हुबं ऱ्हायलं का गुनगुनती. कंपनीचं इचारू नका, आमालाच म्हाईत न्हाई."

मी ती गिटार जरा तुसडेपणानंच उचलली. मान पातळ होती. तेच गाणं घेतलं आणि आखूड बोट जिथं पडायला हवं तिथं पडलं. पुन्हा घेतलं, पुन्हा पडलं. मला आनंद व्हायला हवा होता. खरं सांगतो, मला तिचा रागच आला. ती वाईट निघावी म्हणून तर मी आलो होतो.

"आवाज मंचरच्या गिटारीचाच चांगला आहे," मी मामाला म्हणालो.

"असंल की. पर खोड सापडली का तिची?"

"नाही."

"कशी सापडंल? ती तुज्या हातात हाय."

त्या वेळी मामा मला अजिबात आवडला नाही. शेवटी ती पातळ मानेचीच घेतली. दुकानदारानं देताना गिटारीचा पट्टा सोडून आपल्याकडं ठेवला. जनावर विकताना दावं देत नाहीत, तसं. मी मागणार तेवढ्यात मामानं माझा दंड धरला आणि आपल्या खांद्यावरचा टॉवेल तिच्या दोन्ही टोकांना बांधून ती माझ्या पाठीला अडकवून दिली.

दुसऱ्या दिवशी मालकाला सांगितलं, हंगामाला उभा राहतोय. मग मंचरला फोन लावला. गिटार घेत नाही हे ऐकून गृहस्थ जरा ताठपणे म्हणाले, "का? खोड निघाली का काही?"

"निघाली," मी म्हणालो. "पण तिच्यात नाही, माझ्या बोटात. करंगळीशेजारचं, डावं. मशीनमध्ये गेलंय."

मला वाटलं, आता ते फोन ठेवणार.

"माझी दोन बोटं आखडलीत," ते म्हणाले. "नाहीतर ती विकली असती का मी?"