बाण दाखवेल तिकडे

आम्ही राहतो ते जपानमधलं बंदर सेंदाईपासून लोकलने अर्ध्या तासावर आहे. समोर समुद्र, पाठीशी डोंगर आणि मधल्या जागेत कसंबसं मावलेलं गाव. धक्क्यालगत मासळीबाजार आणि बेटांकडे जाणाऱ्या लाँचची वेटिंग रूम, त्यामागे दुकानांची गल्ली, मग खांबांवर उचललेली रेल्वे. रेल्वेच्या पलीकडे घरं सुरू होतात आणि घरांमधून दगडी पायऱ्या वर चढत देवळापर्यंत जातात. एक छोटी बस दिवसभर या सगळ्याला प्रदक्षिणा घालते. तिच्यात बहुतेक म्हातारी माणसंच असतात, कारण तरुण सकाळीच सेंदाईला गेलेले असतात. संध्याकाळी पाच वाजता गावभर लावलेल्या कर्ण्यांतून एक गाणं वाजतं. मुलांनी खेळ थांबवून घरी जावं म्हणून ते असतं, पण त्याने कर्णे चालू आहेत की नाही हेही रोज तपासलं जातं.

याआधी माझी नेमणूक वार्नाला होती. आमची कंपनी जहाजांतून माल हलवते, त्यामुळे आमच्या बदल्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात होतात. बल्गेरियातलं ते शहर समुद्राकडे उतरत जातं. ट्रॉलीबसमधून उतरलं की गाड्यांना बंदी असलेला लांब रस्ता लागतो. संध्याकाळी लहानथोर सगळे त्या रस्त्याने रमतगमत समुद्रकाठच्या बागेत जातात, बाकांवर बसतात, बुद्धिबळ खेळतात, सूर्यफुलाच्या बिया सोलत गप्पा मारतात. तिथे कुठलाही रस्ता धरला तरी शेवटी पाणी दिसायचं. इथे उलटं आहे. इथल्या हिरव्या पाट्यांवर पळणारा माणूस असतो आणि त्याच्या पुढचा बाण डोंगराकडे असतो. गल्लीतल्या दिव्याच्या खांबांवर माझ्या डोक्याहून उंच निळी पट्टी आहे. त्सुनामीचं पाणी तिथवर आलं होतं.

आई गेली तेव्हा मी वार्नामध्ये होतो. विमानं बदलत सांगलीला पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. म्हणून जपानची बदली झाल्यावर व्हिसाच्या खटपटी करून अण्णांना सोबत घेऊन आलो. नातेवाइकांनी कौतुक केलं. मला मात्र ठाऊक होतं, की मला पुन्हा एकदा उशिरा पोचायची भीती वाटत होती आणि तिच्यावरचा उपाय म्हणून मी ऐंशीला टेकलेल्या माणसाला त्याच्या गावातून उचलून आणलं होतं.

अण्णा सांगली नगरपालिकेत पाणीपुरवठा खात्यात होते. इथे त्यांनी आपला दिनक्रम स्वतःच लावून घेतला. दुपारचा चहा झाला की माकडटोपी घालून धक्क्यावर जायचं, वेटिंग रूममध्ये बसायचं, बेटांवरून येणारी लाँच बघायची आणि पाचच्या गाण्याआधी परतायचं. तिथे आणखी तीन-चार म्हातारे रोज येत. त्यांची भाषा यांना येत नाही, यांची त्यांना. तरी अण्णा घरी येऊन सांगत, "तो उंच आहे ना, त्याची सून त्याला नीट बघत नाही."

"तुम्हाला कसं कळलं?" माझी बायको विचारी.

"डबा उघडतो तेव्हा तोंड बघावं त्याचं."

अण्णा आले त्याच महिन्यात एक छोटा भूकंप झाला. भांडी वाजली, थांबली. त्या संध्याकाळी मी अण्णांना इथला नियम समजावला. कोणी कोणाला शोधत बसायचं नाही, ज्याने त्याने आपापलं वर पळायचं. मी म्हणालो, "पाचचं गाणं सोडून कर्णा एरवी बोलायला लागला आणि तुम्हाला काही कळलं नाही, तर घरी यायचं नाही. आम्हाला शोधायचं नाही. बाण दाखवेल तिकडे वर जायचं आणि देवळापाशी थांबायचं. मी तिथे येतो."

"आणि सूनबाई? पोर?"

"आम्ही सगळे तिथेच येणार."

"मग मी मोजून घेतो तुम्हाला," अण्णा म्हणाले. मग हसले. "आमच्याकडं कृष्णेला पाणी आलं की रिक्षावर भोंगा लावून सांगायचे, नदीकाठच्या लोकांनी घरं सोडा. निम्मी सांगली घरं सोडायची आणि निम्मी आयर्विन पुलावर पाणी बघायला जायची."

नियम सांगून झाला आणि माझ्यापुरता तो विषय संपला.

पुढे वर्षभरात अण्णा विसरायला लागले. म्हणजे मला तसं दिसायला लागलं. एकदा दूध तापवायला ठेवून ते गॅलरीत जाऊन बसले. ओला कचरा कागदाची रद्दी नेण्याच्या दिवशी खाली नेऊन ठेवला आणि शेजारच्या बाईंनी तो हसतमुखाने परत आणून दिला. नातीला दोनदा आपल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. यातली प्रत्येक गोष्ट मी पुण्याच्या धाकट्या भावाला फोनवर सांगत गेलो. सांगताना आवाज काळजीचा असे, आणि काळजी होतीही. पण आपण पुरावा गोळा करतोय हेही मला कळत होतं. भावाने पुण्याजवळचा एक वृद्धाश्रम बघितला. जागा होती, रविवारपर्यंत कळवायचं होतं.

"आधी त्यांना विचार तरी," बायको म्हणाली.

"विचारलं तरी उद्यापर्यंत विसरतील," मी म्हणालो. मुलगी टेबलाशी अभ्यास करत होती. ती घरात बहुतेक जपानीतच उत्तर देते, पण मराठी तिला सगळं कळतं.

हे सगळं झालं त्याच आठवड्यातला शुक्रवार. दुपारी मी धक्क्यामागच्या आमच्या ऑफिसात होतो. चहानंतर थोड्या वेळाने कर्णा बोलला. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने मान वर न करता सांगितलं, "पलीकडच्या वस्तीतली एक आजी घरातून गेलीय, कोणाला दिसली तर कळवा म्हणतायत." इथे हे महिन्यातून एखाद्या वेळी ऐकू येतं, बहुधा रात्री, आम्ही सगळे घरी असताना. वय, उंची, अंगावरचे कपडे सांगतात, आणि गावातला जो तो दारातून डोकावून रस्ता बघून घेतो. माझ्या मनात आलं, एक दिवस ही सूचना आमच्या घरची असेल.

पाचचं गाणं वाजलं. थोड्या वेळाने बायकोचा फोन आला. "अण्णा तुझ्याकडे आलेत का? अजून आले नाहीत."

मी आधी वेटिंग रूममध्ये गेलो. तो उंच म्हातारा एकटाच बसला होता. मी अण्णांबद्दल विचारलं तर त्याने छताजवळच्या कर्ण्याकडे बोट दाखवलं, मग झटकन उठून चालायला लागल्याची नक्कल केली आणि दाराकडे हात केला. मला वाटलं, तो म्हणतोय की जा, कर्ण्यावरून सूचना द्यायला सांग. मी बाजारात गेलो. फरशी धुऊन झाली होती, आत कोणी नव्हतं. बसच्या थांब्यावर ड्रायव्हरला विचारलं. मग धक्क्याच्या कडेने चालत मी दोन बोटींच्या मधलं पाणी बघत गेलो. माझी सगळी शोधाशोध समुद्राकडे होती. डोंगराकडे मी एकदाही पाहिलं नाही.

चौकीतला पोलीस तरुण आणि नम्र होता. त्याने विचारलं, "आज अंगावर काय होतं?" मला सांगता येईना. सकाळी त्यांच्याच समोर बसून नाश्ता केला होता. बायकोला फोन केला. ती म्हणाली, "राखाडी स्वेटर, चॉकलेटी माकडटोपी, पायात कॅनव्हासचे बूट." मग पोलिसाने आवाज आणखी हळू करून विचारलं, "विसरण्याचा आजार आहे का?"

कुठल्याही डॉक्टरने तसं सांगितलं नव्हतं. मी हो म्हणालो. हो म्हटल्याने शोध लवकर सुरू होईल असं मी स्वतःला समजावलं. पण तो हो माझ्या तोंडात आधीपासून तयार होता.

थोड्याच वेळात कर्णा बोलला. बाईचा सावकाश, स्वच्छ आवाज डोंगरावर आपटून पुन्हा समुद्राकडे येत होता. परदेशी वृद्ध गृहस्थ. राखाडी स्वेटर. चॉकलेटी लोकरी टोपी. दुकानांच्या गल्लीत माणसं दारात आली. ज्या माणसाचा स्वेटर मला आठवला नव्हता, त्याला आता सगळं गाव शोधत होतं.

मी चौकीत खुर्चीवर बसून होतो तेव्हा फोन आला. पोलीस ऐकत राहिला, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "देवळापाशी आहेत. कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईंनी टोपीवरून ओळखलं. पण ते खाली यायला तयार नाहीत."

"देवळापाशी?" मी म्हणालो. तोवरही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. तो पडला रेल्वेखालून पलीकडे गेल्यावर, पायऱ्यांच्या तोंडाशी. तिथे हिरवी पाटी होती. पळणारा माणूस आणि बाण.

अण्णा वरच्या पायरीवर बसले होते. शेजारी साठीच्या एक बाई आणि त्यांच्या पायाशी एक लहान कुत्रा. अण्णांनी बाईंच्या कोटाची बाही मुठीत धरून ठेवली होती आणि त्या बिचाऱ्या तशाच बसल्या होत्या.

"आलास?" अण्णा माझ्या मागे बघत म्हणाले. "एकटाच? बाकीच्या कुठं आहेत?"

"अण्णा, तुम्ही इथे काय करताय?"

"काय करतोय म्हणजे? तूच सांगितलंस ना. दुपारी कर्णा बोलला, मी उठलो. तिथं बाकीचे म्हातारे बसूनच राहिले. म्हटलं, बघत बसा बाबांनो पुलावरनं पाणी." ते थोडे दमलेले होते. "मघाशी परत बोलला. म्हटलं, पाणी वाढलं. आणि ह्या बाई मला खाली चला म्हणतात. मी म्हटलं, बाई, खुळ्या की काय तुम्ही, बसा गुमान."

बाईंनी मला विचारलं, आजोबा काय म्हणतायत. मी सांगितलं की, कर्णा ऐकून त्यांना पाणी येतंय असं वाटलं, त्यांनी आमची इथे वाट बघितली आणि तुम्हाला खाली जाऊ द्यायला ते घाबरत होते. बाई जराशा हसल्या, मग त्यांनी खाली समुद्राकडे पाहिलं. म्हणाल्या, "त्या दिवशी इथे वर पोचून, घरच्यांना शोधायला पुन्हा खाली गेलेली माणसं होती." त्यांनी बाही सोडवून घेतली नाही.

मी अण्णांना सांगितलं की पाणीबिणी काही नाही. दुपारी एक आजी हरवल्या होत्या, म्हणून कर्णा बोलला. नंतर तुमच्यासाठी बोलला.

"माझ्यासाठी? काय म्हणाला?"

"टोपीचं वर्णन केलं."

"ते ठीक आहे," ते म्हणाले. "पण त्या दोघी आल्याशिवाय मी उतरणार नाही. ठरलं होतं तसं."

मी फोन केला. त्या दोघी धापा टाकत वर आल्या. मुलगी पुढे होती. ती अण्णांसमोर उभी राहिली आणि मराठीत म्हणाली, "आबा, आलो आम्ही." अण्णांनी बोटाने एक, दोन, तीन असं मोजलं आणि मगच बाईंची बाही सोडली. बाईंनी वाकून नमस्कार केला, अण्णांनी हात जोडले.

आम्ही निम्म्यावर उतरलो असू, तेव्हा कर्णा पुन्हा बोलला. अण्णा जागीच थांबले आणि वर वळले. मुलीने त्यांचा हात धरला. "नाही आबा. ते सांगतायत, मघाचे आजोबा सापडले, सगळ्यांचे आभार."

"कोण आजोबा?"

"तुम्ही."

"मी हरवलो होतो कुठं?" अण्णा म्हणाले. "मी तर सांगितलेल्या जागी होतो." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता, खरोखरचा प्रश्न होता. "तू आधी इथंच का नाही आलास?"

खाली लाँचचे दिवे लागले होते. मी म्हणालो, "विसरलो, अण्णा."

"होतं असं," ते म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हात टेकवून पुढची पायरी उतरले. "कामाच्या व्यापात राहत नाही लक्षात."

शनिवारी सकाळी मी चौकीत जाऊन त्या तरुण पोलिसाला सांगितलं की काल मी आजाराबद्दल बोललो ते मला नक्की माहीत नाही, डॉक्टरांनी तसं काही म्हटलेलं नाही. त्याने मान लववली आणि ते लिहून घेतलं. मग घरी येऊन मी अण्णांसमोर बसलो आणि पुण्याजवळच्या त्या जागेबद्दल सगळं सांगितलं, किती महिने आमचं हे चाललंय तेही. ते बोटांनी टेबलावरचे पोळीचे कण गोळा करत ऐकत राहिले. मला वाटलं, रागावतील. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

"नदीकाठी आहे का उंचावर?" त्यांनी विचारलं.

"उंचावर आहे."

"तिथं कोण येणार मला घ्यायला?"

धाकटा भाऊ पुण्याच्या दुसऱ्या टोकाला राहतो, आणि मी इथे. त्या रात्री मी भावाला कळवलं की जागा सोडून दे. तो म्हणाला, "नक्की? पुढे जड जाईल तुला." जड जाणार आहे. पुढच्याच आठवड्यात दूध पुन्हा उतू गेलं. आम्ही आपोआप बंद होणारी शेगडी आणली. डॉक्टरांची वेळही घेतली आहे, या खेपेला अण्णांना सांगून.

ते अजून रोज धक्क्यावर जातात. मुलगी शाळेतून येताना बस थांब्यावर उतरते आणि वेटिंग रूममधून त्यांना घेऊन येते. कर्णा अवेळी बोललाच तर ते तिच्याकडे बघतात. ती जे ऐकते ते मराठीत सांगते, कधी अडखळत. परवा वाऱ्यामुळे लाँच बंद असल्याची सूचना होती. अण्णांनी ती नीट ऐकून घेतली, उंच म्हाताऱ्याकडे बघून आज लाँच नाही असा हात हलवला आणि माकडटोपी कानांवर ओढून ते घराकडे चालायला लागले.