तिला काय काय येतं

आमच्या केंद्रात दोन शब्द लिहायला बंदी होती. 'येत नाही.' मुलाचा अहवाल लिहिताना त्याला काय येतं तेवढंच लिहायचं, असा केंद्र चालवणाऱ्या मोठ्या बाईंचा नियम होता. चालता येत नाही असं लिहायचं नाही, भिंतीला धरून चार पावलं टाकतो असं लिहायचं. बोलता येत नाही असं नाही, तहान लागली की पेल्याकडे बघतो असं. "येत नाही ते सांगायला डॉक्टर आहेत, सासू आहे, शेजारीण आहे," मोठ्या बाई म्हणायच्या. "त्या आईच्या हातात एक तरी कागद असा पडू दे."

मला हा नियम फार आवडायचा. त्याच्याच जोरावर मी एका मुलीचं वाटोळं केलं, म्हणून त्याच्यापासून सुरुवात केली.

केंद्र म्हणजे उल्हासनगरात एका फर्निचरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली दिवसभर रंधा चालायचा. दुकानाचे सिंधी मालक उरलेलं प्लायवूड वर पाठवून द्यायचे, त्यातून आम्ही पोरांना पाठ टेकायला कोपऱ्याच्या खुर्च्या करून घ्यायचो. उशिरा मान धरणारी, उशिरा बसणारी, न बोलणारी मुलं आयांच्या कडेवरून तो जिना चढायची. आया त्यांना खेळवायला, भरवायला, उभं करायला शिकायच्या. मूल साडेतीन वर्षांचं झालं की मात्र आमच्याकडची जागा संपायची, कारण खाली जिन्यात दुसरी तान्ही थांबलेली असायची. मग त्याला बालवाडीत पोचवायचं. ते काम माझ्याकडे होतं. दोन हजार सालानंतरची ती पाच-सहा वर्षं मी अंबरनाथ-बदलापुरातल्या शाळांच्या पायऱ्या झिजवल्या.

शाळा म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मी अंबरनाथला कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये वाढलेली, साहेबाची मुलगी, मला 'नाही' ऐकायची सवय नव्हती. आणि इथे रोज नवीन प्रकारचं 'नाही'. आमच्याकडे तशा बाई नाहीत. आमच्याकडे पायऱ्या आहेत. बाकीचे पालक काय म्हणतील. तुमच्यासाठी खास शाळा असतात ना, तिकडे न्या. मुलाकडे एकदाही न बघता हे सगळं सांगता येतं, हे मी तिथे शिकले. मी भांडायचे, टेबलावर हात आपटायचे, बाहेर येऊन आईसमोर शिव्या घालायचे. आयांना ते आवडायचं. आपल्या बाजूने कोणीतरी ओरडतंय, एवढ्यानेच त्यांचं निम्मं ओझं उतरायचं. मला वाटायचं, आपण फार मोठं काम करतोय.

ती मुलगी बदलापूर गावातली. वडील अंबरनाथ एमआयडीसीत शिफ्टला, आई आठवड्यातून तीनदा तिला कडेवर घेऊन आमच्याकडे यायची. जन्मताना रडायला उशीर झाला होता, त्याने हातापायांत ताठरपणा राहिला. पण मूल जिद्दीचं. भिंतीला धरून खोलीची एक बाजू पार करायची. दहा-बारा शब्द यायचे तिला. त्यातला सगळ्यात लाडका म्हणजे 'बीम'. घर बौद्ध, येणाऱ्या-जाणाऱ्याला जय भीम व्हायचा, तो ऐकून तीही हात उचलून 'बीम' करायची. रिक्षावाल्याला, खालच्या सिंधी मालकांना, मला. निघताना आई जिन्याच्या तोंडाशी थांबून पाठमोरी वळायची, म्हणजे खांद्यावरच्या मुलीचं तोंड माझ्याकडे यायचं. मग 'बीम'. त्याशिवाय ती पायरी उतरू द्यायची नाही.

तिला फिट यायची. औषध सुरू झाल्यापासून आठ महिने एकही आली नव्हती, पण औषध दोन वेळ चालू होतं. फिट आली तर काय करायचं हे आम्ही प्रत्येक आईला पहिल्याच आठवड्यात शिकवायचो: कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, घड्याळाकडे बघायचं, पाच मिनिटांवर गेली तर थेट हॉस्पिटल. एवढंच. शिकवायला दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

तिच्यासाठी पहिल्या शाळेने वाटाण्याच्या अक्षता लावल्या. दुसऱ्या शाळेत जवळजवळ जमलं होतं. हेडबाईंनी मुलीला पेढाही दिला. मग फॉर्म पुढे आला, त्यात आजारांची ओळ होती आणि आईने तिथे सुंदर अक्षरात 'फिट' लिहिलं. दुसऱ्या दिवशी फॉर्म परत. जागा भरल्या, म्हणे.

तिसरी बालवाडी बदलापूर गावातच, त्यांच्या घरापासून पाच मिनिटांवर. बालवाडीच्या बाईंच्या घराची पुढची खोली, सतरंजी, वीसेक पोरं. आत जाण्याआधी कोपऱ्यावर आईने मला थांबवलं.

"ताई, फिटचं सांगायचं ना?"

"अजिबात नाही," मी म्हटलं. "आठ महिन्यांत आलीय का एक तरी?"

"नाही. पण औषध चालू आहे ना..."

"मग झालं तर. आपण तिला काय येतं ते सांगायचं. एकदा घेतली की मग बघू."

तिने मान हलवली. पटलं म्हणून नाही. ताई म्हणतात म्हणून. हा फरक मला तेव्हाही कळत होता, आणि मी तो मनावर घेतला नाही.

बाई पन्नाशीच्या, आडव्या बांध्याच्या, कमरेला किल्ल्यांचा हा मोठा जुडगा. मुलीने तो बघितला आणि थेट हात घातला. बाईंनी तिला मांडीवर ओढून घेतलं आणि म्हणाल्या, "नमस्कार कर बाईला." तिने हात उचलला. "बीम!"

गाव जुनं, बाई कोण, घरात काय चालतं, काही माहीत नव्हतं. एका शब्दावरून आत्ता ही खोली बदलेल, आता मी भांडायचं, म्हणून मी पदर खोचलाच होता. बाई खळखळून हसल्या, "जय भीम गं माझी बाय ती!" आणि कमरेचा जुडगा सोडून तिच्या हातात दिला.

मग मला म्हणाल्या, "बाकी काय तरास नाय ना पोरीला?"

आईने माझ्याकडे बघितलं.

"काही नाही," मी म्हटलं. "जरा सावकाश चालते, एवढंच."

सात आठवडे सगळं छान चाललं. मी दोनदा जाऊन बघितलं. पोरं गोलात बसलेली, ही भिंतीला टेकून मध्ये, डबा उघडायला शेजारची मुलगी मदत करत होती. 'पोपट' आणि 'दे' असे नवे शब्द आले. केंद्रात मी तिचं उदाहरण देऊ लागले. आईला साडेतीन वर्षांत पहिल्यांदा सकाळचे दोन-अडीच तास मोकळे मिळाले. ती म्हणाली, मोकळ्या हातांनी काय करायचं तेच कळत नाही.

एका सकाळी ती वांगणीला आपल्या आजारी आईला बघायला गेली. मुलीचं अंग किंचित कोमट होतं, पण बालवाडीला जायचं म्हणून ती बुटासाठी पाय पुढे करून बसली, म्हणून पाठवली. दहाच्या सुमाराला तिला फिट आली.

बाईंनी जन्मात कधी असं बघितलेलं नसावं, किंवा जे बघितलं होतं तेच त्यांनी केलं. कांदा फोडून नाकाशी धरला. लोखंड हातात द्यावं म्हणून तोच किल्ल्यांचा जुडगा तिच्या मुठीत दाबला. दात उघडायला चमचा घातला आणि पाणी पाजलं. पाणी छातीत गेलं. बाकीची पोरं रडायला लागली. बाईंनी शेजारच्या एका मुलीला हिच्या घरी पिटाळलं, घराला कुलूप. शेजारच्या गल्लीतल्या डॉक्टरांचा दवाखाना उघडायला वेळ होता. थांबेल, थांबेल म्हणून वाट बघितली. ती थांबायची आणि पुन्हा सुरू व्हायची. रिक्षात घालून उल्हासनगरच्या सरकारी हॉस्पिटलात पोचेपर्यंत तास उलटून गेला होता.

मला दुपारी कळलं. गेले तेव्हा आई आत होती, बाई बाहेर बाकावर. पदर पाण्याने भिजलेला तसाच. किल्ल्या कमरेला नव्हत्या, हातात धरून बसल्या होत्या.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "डॉक्टर इचारत होते, आधी येत व्हती का. मी बोलले, 'नाय'. मग तिची आई आली, ती बोलली, येत व्हती. मला का नाय बोललात?"

मी काहीतरी पुटपुटले. सांगितलं असतं तर तुम्ही घेतली नसती, असं.

"इचारलंत का मला?"

त्या एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, ओरडण्याला उत्तर देणं मला येत होतं. त्यांनी घेतली असती की नाही, मला आजही सांगता येणार नाही. जय भीमला हसून जय भीम करणारी बाई कदाचित म्हणाली असती, बरं, मग काय करायचं ते शिकवा मला. कदाचित नसती म्हणाली. मुलाकडे न बघता दार लावणाऱ्यांना मी वर्षानुवर्षं शिव्या घातल्या होत्या. त्या बाईंकडे मीही बघितलं नाही. त्यांना आधीच त्याच ढिगात टाकून मोकळी झाले. मला त्याची लाज वाटते, अजून वाटते.

बाईंनी त्यानंतर अशी मुलं घेणं बंद केलं. पुढच्या वर्षी मी दुसऱ्या एका मुलासाठी गल्लीत शिरले तेव्हा त्यांनी मला लांबूनच बघितलं आणि आत गेल्या. मी भांडले नाही.

मुलगी तीन आठवड्यांनी घरी गेली. वाचली, असं सगळे म्हणाले. उभी राहणं गेलं, बसणं गेलं, मान पुन्हा डुगडुगायला लागली. शब्द सगळे गेले.

दोन महिन्यांनी आई तिला घेऊन आमच्याकडे आली. आमच्याकडे तिचं वय संपलेलं होतं, मोठ्या बाईंनी कल्याणच्या एका खास शाळेत शब्द टाकला होता आणि त्यांना अहवाल हवा होता. लिहिणारी मीच. आईने मला एकदाही बोल लावला नव्हता, तेव्हाही लावला नाही. समोर बसली, मुलीला आडवी मांडीवर घेतली आणि म्हणाली, "ताई, ह्या वेळी सगळं लिहा."

मी पहिल्याच ओळीत फिट लिहिली. किती वेळ, किती औषध, काय करायचं, काय नाही. मग नेहमीचा रकाना आला, तिला काय काय येतं. आवाजाकडे मान वळवते, असं लिहिलं. आईची बांगडी मुठीत धरते, असं लिहिलं. त्यापुढे माझं पेन चालेना. तिच्या जुन्या फायलीतला हाच रकाना मागच्या बाजूपर्यंत गेला होता.

"जय भीम करते, ते लिहा ना," आई म्हणाली.

"आता करत नाही ना ती," मी म्हटलं. त्या खोलीत हे असं मी पहिल्यांदाच बोलले.

"हो," ती म्हणाली. "खरंच की."

कागद घेऊन ती उठली. मी दारापर्यंत गेले. जिन्याच्या तोंडाशी ती सवयीने थांबली आणि पाठमोरी वळली, म्हणजे खांद्यावरच्या मुलीचं तोंड माझ्याकडे आलं. ती तशीच उभी राहिली. खाली रंधा चालू होता. आपण कशासाठी थांबलोय हे तिच्या लक्षात यायला जरा वेळ लागला असावा, कारण ती हलेना.

शेवटी मीच हात उचलला आणि मुलीला जय भीम केला. तिने माझ्या आवाजाकडे मान वळवली. तेवढं मी अहवालात लिहिलं होतं. मग आई एकेक पायरी बघत तिला घेऊन खाली उतरली.