घाई नको, पण लगेच निघू

या शहरात उभं आयुष्य काढूनही त्याचा वेग अंगाला चुकूनही न लागू दिलेला माणूस मी एकच पाहिला आहे, आणि तो नेमका माझा साडू निघाला. बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान चिंचपोकळीला राहतात. त्यांच्या घरापासून स्टेशन हाकेच्या अंतरावर आहे, म्हणजे तुम्हाआम्हाला. साडूभाऊंना तो प्रवास आहे. वाटेत वाढदिवसाच्या शुभेच्छांचे जेवढे फलक लागतात तेवढे ते थांबून वाचतात. उत्सवमूर्तीचं नाव वाचून तुम्हीआम्ही पुढे सरकतो. हे खाली दाटीवाटीने छापलेल्या शुभेच्छुकांपर्यंत जातात. एकदा मी वैतागून विचारलं, "यातला एक तरी माणूस तुमच्या ओळखीचा आहे का?" तर म्हणाले, "नाही. पण बिचाऱ्यांनी नावं छापलीत, कुणीतरी वाचायला नकोत का?"

त्यांचा फोन वाजला की आधी ते चष्मा शोधतात, मग तो लावून नाव वाचतात, मग त्या माणसाविषयी थोडा विचार करतात. एव्हाना फोन थांबलेला असतो. "झालं असेल त्याचं काम," म्हणून ते चष्मा घडी करून ठेवतात. हॉटेलात मेनूकार्ड ते इतकं बारकाईने वाचतात की वेटर दोन टेबलांची बिलं करून परत येतो, आणि शेवटी मागवतात इडलीच. नोकरी त्यांनी विमा कंपनीत, दावे निकाली काढण्याच्या खात्यात केली. तिथे त्यांच्या या स्वभावाचं फार चीज झालं, असं ऐकतो. एकदा त्यांच्या इमारतीत मीटरच्या पेटीतून धूर निघाला. सगळे मिळेल ते हातात घेऊन धावत खाली आले. साडूभाऊ सर्वांत शेवटी उतरले: शर्ट खोचलेला, गॅस बंद केलेला, कुलूप ओढून पाहिलेलं, आणि हातात शेजारच्या काकींची कवळी, वाटीसकट. धुरात काकी ती विसरल्या होत्या. त्या दिवशी सगळे हसले, काकीसुद्धा. अर्थात कवळी लावल्यानंतर.

माझा स्वभाव याच्या उलट. मी भराभर वाचतो, भराभर बोलतो आणि रविवारच्या पुरवण्यांतून भराभर लिहितो. विषयाचं बंधन नाही. मधे काही दिवस साप हा विषय होता. त्या भरात फणसवाडीतल्या आमच्या इमारतीत नागपंचमीला मी 'सर्पदंश : समज आणि गैरसमज' असं सचित्र व्याख्यान दिलं. दंशाच्या वर दोरी बांधू नये, कापू नये, चोखू नये, बर्फ लावू नये. माणसाने घाबरू नये, धावू नये, दंश झालेला अवयव हलवू नये आणि विषावरची लस असलेलं रुग्णालय गाठावं, असं मी हात वर करकरून सांगितलं. श्रोत्यांचं लक्ष मागच्या टेबलावरच्या बटाटेवड्यांकडे होतं. प्रश्न एकच आला, तोही वडे वाटून झाल्यावर. साडूभाऊंनी विचारलं, "अवयव हलवायचा नाही, तर माणसाला खाली न्यायचं कसं? आमच्याकडे लिफ्ट नाही." हशा पिकला. मी म्हणालो, "साडूभाऊ, तुमच्याकडे साप यायचा तर तोही जिना चढून येईल. तेवढ्यात तुम्ही विचार करून ठेवा." पुन्हा हशा. व्याख्यान एकूण रंगलं, असं माझं मत झालं.

पुढच्या मे महिन्यात साप आला. जिना चढून नव्हे. साडूभाऊंच्या गावाहून हापूसच्या पेटीत बसून, टेम्पोने.

रविवार होता. आमचा वाटा घ्यायला मी आणि बायको चिंचपोकळीला गेलो होतो. माझा लेख आलेली पुरवणीही सोबत नेली होती. न मागता देण्यासारखी माझ्याकडे तेवढी एकच वस्तू असते. साडूभाऊ पेटीची वरची फळी काढून चहाला बसले. "पेंढा हळूहळू काढू," म्हणाले. त्यांच्या हळूहळूचा अर्थ मला ठाऊक होता. मी पिकल्या आंब्याच्या वासामागे सरळ पेंढ्यात हात घातला. तव्यावर थेंब पडल्यासारखा चर्र आवाज झाला आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटात निखारा शिरला. हात बाहेर काढला. आत, पेंढ्याच्याच रंगाचं, जेमतेम वीत-दीड वीत लांबीचं एक वेटोळं अंगाला अंग घासत बसलं होतं. फुरसं. व्याख्यानात त्याचं चित्र मी सर्वांत मोठं करून दाखवलं होतं.

"बांधा!" मी ओरडलो. "दोरी आणा! सुतळी आणा! काहीही आणा!"

साडूभाऊंनी कप बशीत ठेवला. "बांधायचं नाही म्हणाला होतात."

"कोण म्हणालं होतं?"

"तुम्ही. नागपंचमीला."

"ते नागपंचमीला! आता मला चावलंय!"

"मग ब्लेड आणू का?" बायको रडवेली होऊन म्हणाली. मी मान हलवून चक्क 'आण' म्हणालो, हे लिहिताना बरं वाटत नाही. साडूभाऊ म्हणाले, "कापायचंही नाही. त्याचं तर यांनी चित्रच दाखवलं होतं." मग उठून त्यांनी आम्हा सगळ्यांना बाहेरच्या गॅलरीत काढलं आणि खोलीचं दार लावून घेतलं. "त्याला राहू दे आत. तेही घाबरलंय. सापवाल्या मुलांना नंतर बोलावू." ताईंनी, म्हणजे बायकोच्या बहिणीने, मात्र शहाणपणा करून दारातूनच त्याचा फोटो घेतला होता.

मला खुर्चीत बसवलं. "अंगठी काढू या, सूज यायच्या आत," साडूभाऊ म्हणाले. बोटात पुष्कराज होता. सासूबाईंनी, गुरू बळकट व्हावा म्हणून, घातलेला. समज-गैरसमजांवरचं सगळं व्याख्यान मी याच बोटाने मुद्दे मोजत दिलं होतं. अंगठी हलेना. मी ओढायला लागलो तसा साडूभाऊंनी माझा हात धरला, साबणाचं पाणी सोडलं आणि एखाद्या अडून बसलेल्या मुलाला समजावावं तशी ती फिरवत राहिले. "येतेय, येतेय." ती आली. मग त्यांनी माझीच पुरवणी घट्ट गुंडाळली, हाताखाली धरली आणि ताईंच्या ओढणीने हात तिला सैलसर बांधला, हलू नये इतपतच. माझ्या लेखनाचा कुणाला आधार झाल्याचं हे पहिलंच उदाहरण.

एव्हाना मजला जमला होता. काकी म्हणाल्या, "गावच्या भगताक फोन लाव गे! तो फोनारसून ईख उतरयता." आणि फोनवरून विष उतरवणाऱ्या त्या भगताला, आम्ही नको नको म्हणेपर्यंत, फोन लावलाही, तोही स्पीकरवर. पलीकडून भगताचा जाड आवाज आला, "आदी हॉस्पिटलात न्हेवा त्येका! माका गेल्या वर्सा चावला तेव्हा मीय थंयच गेल्लंय!" काकींनी फोनकडे असं पाहिलं की जणू देवानेच देवळाबाहेरचा पत्ता सांगितला. बायकोचं म्हणणं, गिरगावातल्या आमच्या नेहमीच्या खासगी इस्पितळात जावं. साडूभाऊ म्हणाले, "तिकडे एसी आहे. लस आहे का, तेवढं विचारा." विचारलं. मागवावी लागेल, असं गोड आवाजात उत्तर आलं. "मग परळला. महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात," साडूभाऊ म्हणाले. "घाई नको, पण लगेच निघू."

मी उठायला लागलो, तर त्यांनी खांद्यावर हात ठेवला. जिन्याचा विचार त्यांनी खरोखरच करून ठेवला होता. मला खुर्चीसकट उचलायचं. या भागातल्या माणसांना मूर्ती जिन्यावरून उतरवायची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. "डावीकडे घ्या... सांभाळून, कठड्याला लागेल... हां, आता सोडा पुढे!" चौघांच्या खांद्यांवर मी असा डुलत उतरलो. शेवटच्या पायरीवर एकाच्या तोंडी 'मोरया' आलंच होतं. माझ्याकडे पाहून त्याने ते गिळलं. मला मात्र पुढच्या भागाचीच धास्ती होती. मूर्तीला इतकं सांभाळून नेतात ते कुठे, हे सर्वांना माहीत असतं.

टॅक्सीवाल्याला साडूभाऊ म्हणाले, "भाई, भगाना मत. लेकिन रुकना भी मत." बोटाचं एव्हाना वांगं झालं होतं. हिरड्यांतून रक्त येतंय का, हे मी जिभेने चाचपत होतो. फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासं होतं, हेही मीच श्रोत्यांना बजावलं होतं. "साडूभाऊ, मी मरणार का हो?" मी विचारलं. व्याख्यात्याने विचारावा असा प्रश्न नव्हे. ते खिडकीबाहेर पाहत होते. "आपण वेळेत निघालोय," म्हणाले, आणि मग रस्त्याकडेचे फलक मोठ्याने वाचायला लागले. सगळे शुभेच्छुक. आडनावासकट. मी पहिल्यांदाच ती यादी लक्ष देऊन ऐकली. छातीतली धडधड त्या नावांच्या लयीत हळूहळू बसत गेली.

रुग्णालयाच्या दारात मला चाकांच्या पलंगावर घेतलं. बायको आणि ताई माझ्याजवळ थांबल्या. "केसपेपर काढून येतो," म्हणून साडूभाऊ नेहमीच्या चालीने वळले. पलंग फिरला तशी समोर काचेची खिडकी आली आणि तिच्यात मागचा व्हरांडा दिसला. त्या व्हरांड्यात माझे साडू धावत होते. एका हाताने पँट सावरत, चपला फटफटत, लोकांना कोपराने बाजूला करत. धावण्याची सवय नसलेला माणूस जसा धावतो तसे, सगळे अवयव निरनिराळ्या दिशांना. केसपेपरच्या खिडकीवरच्या रांगेपुढे त्यांनी हात जोडले. कागद मिळाल्यावर पुन्हा धावले. आमच्या अलीकडच्या खांबाशी मात्र थांबले. खांबाला हात टेकून श्वास खाली बसू दिला, कपाळ पुसलं, शर्ट खोचला. आणि मग हळूहळू चालत माझ्यापाशी आले. "झालं. काही गर्दी नव्हती."

मी डोळे मिटून घेतले.

तरुण डॉक्टरीणबाईंनी माझं रक्त काचेच्या नळीत घेतलं आणि नळी स्टँडवर उभी ठेवली. वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. तेवढ्या वेळात रक्त गोठलं तर ठीक. तो माझ्या आयुष्याचा निकाल होता आणि साडूभाऊ त्याच्यासमोर बसून राहिले. त्या कामाला सबंध मुंबईत त्यांच्याहून लायक माणूस सापडला नसता. नळी तिरपी केली, तर रक्त पाण्यासारखं ओघळलं. बायकोने तोंड फिरवलं. "लस सुरू करू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ताईंच्या फोनवरचा फोटो पाहून त्यांनी मान डोलवली. "न बांधता, न कापता, हात स्थिर ठेवून आणलंत, फार बरं केलंत. कुणी सांगितलं हे?"

साडूभाऊंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "यांनीच."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे आदराने पाहिलं. एवढ्या अवघड जागी मी आजवर सापडलेलो नाही.

लस चढत राहिली, नळ्या भरत राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी एक नळी उलटी केली तरी आतलं रक्त तळाला घट्ट धरून राहिलं. साडूभाऊंनी ती पुन्हा एकदा उलटी करायला सांगितली. मग म्हणाले, "आता जरा चहा घेऊन येतो," आणि बाकावरून उठायला गेले तर त्यांना उठताच येईना. गुडघे धरले होते. बायकोने हात दिला. "वय झालं," ते हसत म्हणाले. किती झालं, हे मी तोवर कधी मोजलंच नव्हतं.

मी वाचलो, बोट मात्र पुरतं वळत नाही. शर्टाची बटणं लावायला मला फार वेळ लागतो, आणि डाव्या हाताने केलेली घाई कामाला येत नाही. रविवारी साडूभाऊ आमच्याकडे येतात, मग आम्ही दोघे चौपाटीपर्यंत चालत जातो. ते आधीच तयार होऊन बाहेर जिन्यापाशी उभे राहतात. मी आत एकेका बटणाशी झटत असतो. बाहेरून हाक येत नाही, घड्याळाचा उल्लेख होत नाही, चपलेचा साधा आवाजसुद्धा नाही. शेवटचं, गळ्याजवळचं बटण कधीकधी लागतच नाही. ते तसंच सोडून मी बाहेर येतो. ते गळ्याकडे पाहतात, पुढे होऊन बटण लावून देतात, आणि आम्ही उतरायला लागतो.