डोमा पेंटरचं जंगल

दीपाली पहिल्यांदा वडशाला आली तेव्हा डोमा पेंटर शिडीवर उभा राहून एका किराणा दुकानाच्या भिंतीवर साबणाचं नाव रंगवत होता. तिनं खालून हाक मारली. तो ब्रश न थांबवता म्हणाला, "बोर्ड पाह्यजे असल तं उद्या या. आज हे वाळलं पाह्यजे."

"बोर्ड नाही हो भाऊ, पडदा पाहिजे. नाटकाचा."

हे ऐकल्यावर मात्र तो खाली उतरला.

आमच्या वडशात धानकापणी उरकली की नाटकं सुरू होतात आणि होळीपर्यंत गावोगावच्या मंडयांतून, म्हणजे जत्रांतून, फिरत राहतात. डोमा तरुणपणी एका नाटक कंपनीचे पडदे बैलगाडीवर चढवायच्या कामाला लागला होता. नागपूरहून एक म्हातारा पेंटर कंपनीकडे यायचा. त्याचे डबे धुता धुता डोमा रंग कालवायला शिकला, मग आकाश भरायला, मग झाडं काढायला. म्हाताऱ्याचे हात कापायला लागले तेव्हा त्यानं आपले कुंचले डोमाला देऊन टाकले. त्यानंतर पंचवीसेक वर्षं झाडीपट्टीतल्या बहुतेक कंपन्यांचे महाल, रस्ते, देवळं, बगीचे डोमाच्याच हातचे होते. आणि जंगल. जंगल तर त्याचं नावाजलेलं. दोन बाजूंना हिरवीगार झाडं, मधून निळा झरा, झऱ्यात दोन हंस, मागं डोंगर, डोंगरावर पांढरं बर्फ. तो पडदा उघडला की मंडपात शिट्ट्या वाजायच्या.

मग फ्लेक्स आला. नागपूरला मोबाइलवरून फोटो पाठवला की दुसऱ्या दिवशी महाल छापून येऊ लागला. डोमानं कोणाशी भांडण केलं नाही. कुंचले कापडात गुंडाळून ठेवले आणि भिंती रंगवायला लागला.

दीपाली चंद्रपूरची. कॉलेजात शिकवायची आणि नाटक बसवायची. तिच्या नव्या नाटकात एक बाई मोहफुलं वेचायला जंगलात जाते आणि परत येत नाही, घरची माणसं तिला शोधत राहतात. एप्रिलअखेरीस चंद्रपूरच्या मोठ्या नाट्यगृहात महोत्सव होता, तिथं त्याचा प्रयोग होता.

"जंगल ना?" डोमा म्हणाला. "डोळे मिटून काढून देतो."

"मोठं पाहिजे पण. आधी तुम्ही आमचं स्टेज बघून घ्या."

दोन दिवसांनी डोमा बसनं चंद्रपूरला गेला. नाट्यगृह शहराच्या ऐन मध्यात, ऑटोंच्या आणि दुकानांच्या गर्दीत उभं होतं. मागच्या बाजूला मात्र एकदम नदीपात्र. सामान चढवायचं मोठं शटर उघडं होतं, त्यातून वारा थेट रंगमंचावर येत होता. डोमा रंगमंचाच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि वर बघू लागला. वर छत दिसेचना. अंधारात लोखंडी आडवे पाइप एकामागं एक टांगलेले, त्यांना दोरखंड, आणि त्याच्याही वर पुन्हा अंधार.

"इथी आमचा अख्खा मंडप मावते," तो म्हणाला.

तिथं दिवे सांभाळणारा नागसेन नावाचा माणूस होता, डोमाच्याच वयाचा. तो हसला. "मंडप मावते भाऊ, पण मंडपातले लोक इथी येत नाईत. चला, वरून दाखवतो."

बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेत नागसेननं त्याला बसवलं. मऊ लाल खुर्ची होती. डोमानं आयुष्यात शेकडो नाटकं बघितली होती, पण सगळी विंगेतून, दोरी हातात धरून. समोर बसून कधीच नाही. इथून रंगमंच हातावरच्या ताटासारखा दिसत होता. जमीनसुद्धा दिसत होती. मंडपात लोक खाली बसलेले असतात, त्यांना रंगमंचाची जमीन दिसत नाही. म्हणून डोमानं पडद्याच्या खालच्या भागाकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. हिरवा पट्टा मारला की झालं.

वडशाला परतल्यावर त्यानं ओळखीच्या राइस मिलची रिकामी शेड मागून घेतली. मांजरपाटाचे पट्टे शिवून चाळीस फुटांचं कापड झालं. ते जमिनीवर अंथरलं, सरस उकळला, पावडरचे रंग कालवले आणि डोमा पुन्हा पडद्यावर अनवाणी चालू लागला. कित्येक वर्षांनी त्याच्या तळव्यांना रंग लागला होता. आठवड्यात डावीकडची झाडं उभी राहिली, झरा उतरला.

बायको गोकुळा दुपारी डबा घेऊन आली. ती चिमूरच्या पलीकडच्या एका जंगलाला लागून असलेल्या गावची. कडेकडेनं चालत तिनं सगळा पडदा बघितला.

"हे कुठचं जंगल होय?"

"कुठचं म्हंजे? जंगल होय."

"मोहाच्या दिवसांतलं नाटक म्हणता ना? तवा इतकं हिरवं कुठी असते? अन् हे बदकं कायची?"

"हंस होय ते."

"तेच तं म्हणून राह्यली मी. आमच्या इकडं कोणी पाह्यले नाईत." ती पुन्हा एकदा पडद्यावरून नजर फिरवत म्हणाली, "चांगलं हाये. पण या जंगलात कोणी हरवत नाई. इथी तं फोटो काढाले जातीन लोक."

डोमाला राग आला. त्यानं जेवण तसंच झाकून ठेवलं. दोन दिवस तो घरात बोलला नाही, शेडमध्येही त्यानं काही केलं नाही. नुसता बिड्या ओढत पडद्याच्या कडेला बसायचा. त्याला आठवत होतं की हे जंगल त्यानं कधी बघून काढलंच नव्हतं. म्हाताऱ्या पेंटरनं शिकवलं तसं काढलं होतं, आणि म्हाताऱ्यानं ते कोणत्या कॅलेंडरवरून उचललं होतं कोण जाणे. वडशापासून सायकलीवर निघालं तरी जंगल लागायचं. एवढ्या वर्षांत तो त्यातून गेला होता, पण त्याच्याकडे बघितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना तो म्हणाला, "तुह्या भावाकडं मोहफुलं सुरू झाले असतीन काय?"

"झाले असतीन. काऊन?"

"जाऊन येऊ."

गोकुळाचा भाऊ सुकलू; त्याच संध्याकाळी दोघं त्याच्या गावी पोचले. त्याच्या घराण्याची मोहाची काही झाडं ठरलेली होती. दुसऱ्या दिवशी उजाडल्याबरोबर सगळे निघाले: सुकलू, त्याची बायको अन्नपूर्णा, शेजारच्या तीन-चार बाया, गोकुळा आणि मागं डोमा. वाघाची भीती होतीच. मागच्या वर्षी पलीकडच्या गावातल्या एका बाईला वाघानं नेलं होतं. म्हणून कोणी एकटं जात नव्हतं, आणि वेचताना बाया सतत एकमेकींना हाका मारत होत्या. "ओ अन्नपूर्णे!" "ओ!" हाक मारायची आणि उत्तर आलं की पुन्हा खाली वाकायचं.

मोहाखालची जमीन पालापाचोळा काढून अंगणासारखी झाडलेली होती, त्यावर पिवळट फुलं सांडलेली. वर फांद्या जवळजवळ उघड्या. सागाला पानं नव्हती; खाली पडलेली मोठाली पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. हिरवं फार थोडं. करडं, तांबूस, राखी रंगाचं सगळं. आणि खोडं. एका खोडामागं दुसरं, दोघांच्या फटीत तिसरं. डोमानं खिशातून कागद काढला होता, पण तो नुसता बघतच राहिला. डोंगर दिसत नव्हता, आकाशही धड दिसत नव्हतं. ऊन वरून नाही, बाजूनं येत होतं.

मग त्याच्या लक्षात आलं की गोकुळाचा आवाज बऱ्याच वेळात आला नाही.

अन्नपूर्णानं हाक मारली, "ओ गोकुळाबाई!"

उत्तर आलं नाही.

अन्नपूर्णा सरळ उभी राहिली. बाकीच्या बायाही उभ्या राहिल्या. सुकलूनं काठी हातात घेतली. डोमा ओरडला, "गोकुळा!" त्याचा आवाज कुठंतरी जाऊन बुडाला. इतका वेळ जी खोडं तो रंगांच्या हिशेबानं बघत होता, ती एकदम जवळ आल्यासारखी झाली. प्रत्येक फटीत कोणीतरी असू शकत होतं. पिवळ्या गवताचा प्रत्येक झुपका हलल्यासारखा वाटत होता. तो पुन्हा ओरडला, आणि आपला आवाज फाटला हे त्याला स्वतःलाच कळलं.

"आली ना!" एका जाड खोडामागून गोकुळा चिडून म्हणाली. "गठुडं बांधून राह्यली होती. तोंडात दोरी धरली होती, कशी बोलू? ओरडून काऊन राह्यले इतके?"

बाया हसल्या. डोमा हसला नाही. तो जाऊन तिच्या शेजारी उभा राहिला आणि घरी येईपर्यंत तिच्यापासून हातभर दूर गेला नाही.

वडशाला येऊन त्यानं झरा, हंस, डोंगर सगळ्यावर खडूचा पांढरा हात फिरवला. मग खोडं काढायला घेतली. कोणतंच झाड अख्खं काढलं नाही. खोडांमधल्या फटी रंगवायला त्याला खोडांपेक्षा जास्त वेळ लागला. आत काय आहे ते कळू नये, पण काहीतरी असावं असं वाटावं, एवढा अंधार त्याला हवा होता. खाली, सगळ्यात पुढं, त्यानं झाडलेली जमीन काढली. गोकुळा रोज यायची. एकदा फक्त म्हणाली, "इथी फुलं जास्त झाले. सकाळचे वेचून झाले असतीन ना?" त्यानं थोडी पुसली.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी पडदा नाट्यगृहात वर चढला. नागसेननं समोरचे दिवे लावले. पडदा मळकट भिंतीसारखा दिसत होता. खोडं नाहीत, फटी नाहीत. नुसता करडा रंग. दीपाली ओठ चावत उभी होती. तिच्या मंडळींतलं कोणीतरी मागं पुटपुटलं, "यापेक्षा फ्लेक्स बरा होता."

"मॅडम, शेडमध्ये असा नव्हता दिसत," डोमा कसाबसा म्हणाला.

"मला माहीत आहे भाऊ. मी तिथं येऊन बघितलाय ना." दीपालीनं वर बघून हाक मारली, "नागसेनभाऊ, काही करता येईल का?"

"शेडमध्ये उजेड कुठून येत होता?" नागसेननं खाली येत डोमाला विचारलं.

डोमानं आठवलं. "दारातून. बाजूनं." मग थांबून म्हणाला, "जंगलातबी बाजूनंच होता."

नागसेननं समोरचे दिवे विझवले. दोन दिवे उचलून डाव्या विंगेत उभे केले, एकाला पिवळा कागद लावला. हळूहळू उजेड वाढवला तशी खोडं एकेक करून कापडातून बाहेर आली. पडद्यावरची खालची जमीन मात्र काळीच राहिली. डोमानं पडदा खाली सोडायला लावला आणि दुपारभर रंगमंचावर ओणवा बसून त्या रंगवलेल्या जमिनीवर पिवळ्या मातीचा हात दिला. शटर उघडं ठेवलं होतं, नदीवरच्या वाऱ्यानं रंग वेळेत वाळला.

संध्याकाळी तो आणि गोकुळा बाल्कनीत बसले. समोरचा मखमली पडदा सरकला. जंगल उभं राहिलं. कोणी शिट्टी वाजवली नाही, टाळी नाही. डोमाला वाटलं, गेलं. त्यानं मान खाली घातली.

नाटक पुढं सरकलं. मोहफुलं वेचणाऱ्या बाया एकमेकींना हाका मारू लागल्या. एका हाकेला उत्तर आलं नाही. नटी वळली आणि पाठ करून पडद्याकडे बघत उभी राहिली. तेव्हा डोमानं मान वर केली. पुढच्या रांगेतली एक बाई कठड्यावर वाकून पडद्यातल्या फटींकडे बघत होती. तिच्या बाजूचा माणूसही वाकला. डावीकडे, उजवीकडे, लोक माना लांब करून कापडाच्या आत शोधत होते. गोकुळानं त्याचं मनगट धरलं.

"मी तवा लवकर ओ द्याले पाह्यजे होती," ती हळूच म्हणाली.

महोत्सवात नेपथ्याचं बक्षीस दुसऱ्याच नाटकाला मिळालं. डोमाला थोडं वाईट वाटलं, पण निघताना नागसेननं त्याला चहाला नेलं आणि दोघं उजेडाबद्दलच बोलत बसले, त्यात बस चुकली.

पडद्याचं पुढं काय करायचं हा प्रश्न होता. नाट्यगृहात ठेवायला जागा नव्हती, दीपालीच्या घरी तर नाहीच. तो गुंडाळून वडशाच्या शेडमध्ये आला. दिवाळीच्या सुमाराला मिलवाल्यानं धानासाठी जागा मागितली. त्याच आठवड्यात दोन कंपन्यांचे मालक येऊन पडदा बघून गेले. त्यांना तो हवा होता, पण मंडपात मावेल एवढाच.

"कापाले लागते," डोमा घरी म्हणाला.

"तुमाले कापवते काय?"

"इथी पडून उंदरं कापतीन त्यापेक्षा बरं."

दोघांनी पडदा उलगडला. कुठून कापायचा हे ठरवायला अर्धी सकाळ गेली. शेवटी खोडांमधली एक रुंद फट निवडली; गोकुळानं कापड ताणून धरलं आणि डोमानं कात्री चालवली. दोन जंगलं झाली. एक चामोर्शीकडच्या मंडयांत गेलं, एक ब्रह्मपुरीकडे.

त्यातल्याच एका कंपनीनं नंतर नव्या नाटकासाठी सरकारी दवाखान्याचा पडदा सांगितला. पूर्वीच्या डोमानं एक खाट, एक बाटली आणि लाल क्रॉस काढून दिला असता. हा डोमा सकाळीच उठून दवाखान्यात गेला आणि बाकड्यावर बसून राहिला. दुपारी नर्सबाई त्याच्यापुढं येऊन थांबली.

"काका, सकाळपासून बसले आहात. काय होते तुमाले?"

"काई नाई बाई," डोमा खिडकीतून भिंतीवर पडलेल्या उन्हाकडे बघत म्हणाला. "पाहून राह्यलो."