चाचांची एकच किल्ली

माणसाच्या हातावर इतका अविश्वास असलेला माणूस साऱ्या चांदा जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही, आणि चाचांचं पोट तर हातावरच चालतं. जटपुरा गेटाजवळ त्यांचं घड्याळं दुरुस्त करण्याचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक काचेचं कपाट आणि त्यामागे एका डोळ्याला भिंग लावून बसलेले घड्याळवाले चाचा. हे भिंग ते जेवतानाही काढत नाहीत. भातातला खडा आधी दिसतो म्हणतात. दुकानाला कुलूप लावलं की स्वतः तीनदा ओढून पाहतात आणि मग शेजारच्या पानवाल्याला ओढायला लावतात, कारण आपलाच हात आपल्याला खोटं सांगत असला तर? चहासाठी त्यांनी साखरेची एक डबी केली आहे. ती उलटी केली की एकच चमचा साखर पडते. दुसरा हवा असेल तर डबी सरळ करून दहापर्यंत मोजायचं. "दहा गिनेपर्यंत माणसाले अक्कल येते," असं त्यांचं म्हणणं. अहेरीचे एक रेंजरसाहेब दुकानात उभे राहून "पाच वाजले असतील" म्हणाले, तर चाचांनी त्यांचं घड्याळ तसंच परत दिलं. "असतील म्हणणाऱ्याले घड्याळ कायले पाहिजे जी?"

माझ्या आत्याला साखरेचा आजार आहे. रोज सकाळी ती खोलीचं दार लावून स्वतःच्या मांडीत इन्सुलिन टोचून घेते. तिची नजर अधू, आणि सिरिंजच्या काचेवर दोन बाजूंना दोन ताकदींच्या औषधांची दोन मापं, एक लाल, एक हिरवं. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमधून सुटीला आले होते, तेव्हा एके दिवशी तिनं चुकीचं माप वाचून दुप्पट औषध घेतलं. पापड लाटता लाटता ती घामानं भिजली आणि मला तिच्या सासूच्या नावानं हाक मारू लागली. बाबांनी साखरेचं पाणी पाजलं म्हणून निभावलं. डॉक्टर म्हणाले, उद्यापासून कंपाउंडर येऊन टोचेल. परक्या माणसासमोर लुगडं वर करायचं! आत्याला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

चाचा आमचं भिंतीवरचं घड्याळ घेऊन आले होते. ते घड्याळ काखेत धरून त्यांनी सगळं ऐकलं.

"डॉक्टरसाहेबाचं बरोबर आहे बाई, तुमचा हात बेइमान आहे," ते म्हणाले. "पण कंपाउंडरचा तरी कुठी इमानदार आहे? मले आठ दिवस द्या."

डॉक्टरांनी आठ दिवस दिले. तोवर बाबा रजा काढून औषध भरून देणार होते. पहिल्या यंत्रात चाचांनी गजराच्या घड्याळाचं पोट बसवलं. माप भरलं की घंटी वाजे. ती अशी वाजली की आत्या दचकली आणि सुई उशीत गेली. "उशीची साखर उतरली असन," आत्या म्हणाली. दुसऱ्या यंत्राची स्प्रिंग सिरिंजबरोबर उकळून गंजली. तिसरी मात्र साधी पितळी कमान होती. ती सिरिंजच्या काठाला अडकवायची; दट्ट्या मागे ओढला की ठरल्या मापाला कमानीच्या स्क्रूवर अडायचा. पुढे जाऊच शकत नसे. चाचांनी गल्लीतल्या सगळ्यांचे डोळे बांधून त्यांच्याकडून वांग्यांना पाणी टोचून घेतलं. एकाचंही माप चुकलं नाही. आठवडाभर गल्लीनं पाणचट भरीत खाल्लं.

पण चाचांनी हाताचा विचार केला होता, आत्याच्या डोक्याचा नाही. पुढच्याच हळदीकुंकवाला तिनं केसातल्या आकड्यानं स्क्रू सैल केला.

"काऊन केलं, बाई?" चाचांनी कपाळावर हात मारला.

"पुरणपोळी होती ना भाऊ. पोळीपुरतं थोडं जास्त घेऊन राह्यली होती. मले का समजत नाई?"

मग चाचांनी स्क्रूचं डोकं चौकोनी करून खोल बुडवलं. त्याला फिरवायला एकच किल्ली. फिरवताना एकदा टक् वाजलं की माप एक खूण सरकायचं. किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली. "बाबा तुझे भोळे. आत्यानं मागितली का देऊन टाकतीन. तू बोलत नाईस, नुसती पाहतेस. तूच ठेव."

आत्यानं ती एकदाही मागितली नाही. आणि जुलैत मी कॉलेजसाठी नागपूरला गेले, तेव्हा किल्ली माझ्या कंपासपेटीतच गेली.

महिन्याभरात डॉक्टरांनी आत्याचं माप कमी केलं. घड्याळजीला दुसरी किल्ली करायला किती वेळ लागतो? पण चाचांनी साफ नकार दिला. "दुसरी किल्ली झाली का कुलूपच नाई राह्यलं." दोन दिवस कंपाउंडर आला. आत्यानं दोन्ही दिवस तोंड भिंतीकडे केलं आणि नंतर जेवली नाही. तिसऱ्या दिवशी चाचा, जे घड्याळं बंद पडतील म्हणून कधी चांदा सोडत नसत, सिरिंज रुमालात गुंडाळून नागपूरच्या मोटारीत बसले.

हॉस्टेलच्या फाटकाशी सुपरिंटेंडेंटबाईंनी मला बोलावलं. बाकावर चाचा, डोळ्याला भिंग. "कोण हे तुझे?"

मी त्या हॉस्टेलात महिन्याभरात जेमतेम दहा वाक्यं बोलले होते. "माझे चाचा," मी म्हणाले, आणि ते मला वाटलं त्याहून मोठ्यानं निघालं.

चाचांनी माझ्याकडून स्क्रू फिरवून घेतला. टक्, टक्, टक्, टक्. "गिन. जोरात गिन." मी मोजलं. त्यांनी स्वतः पुन्हा मोजलं, आणि मग सुपरिंटेंडेंटबाईंनाही मोजायला लावलं. जाताना चाचांची नजर हॉलमधल्या घड्याळावर गेली. सात मिनिटं मागे! स्टुलावर चढून त्यांनी ते नीट केलं, तेव्हाच त्यांच्या जिवाला शांतता मिळाली. किल्ली ते परत नेतील असं मला वाटलं होतं. त्यांनी ती माझ्या मुठीत दाबली. "असू दे. लागली तर येईन ना."

तेव्हापासून आत्याचं माप बदललेलं नाही. ती बरी आहे, स्वतः टोचून घेते, पत्रात कंपाउंडरची टिंगल करते. आनंदाचीच गोष्ट आहे. तरी दुपारी चांद्याच्या मोटारी यायच्या वेळेला माझं लक्ष फाटकाकडे जातं. हॉलमधलं घड्याळ पुन्हा दोन मिनिटं मागे पडलं आहे. सुपरिंटेंडेंटबाईंच्या लक्षात आलेलं नाही. चाचांना लिहायला मी एक पोस्टकार्ड आणून ठेवलं आहे.