वाकळेतला खिसा

थंडीत वाकळ बाहेर काढली की डांबरगोळ्यांच्या वासाबरोबर मी कोल्हापूरच्या आमच्या गच्चीवर पोचते. आई पेटी आवरून जुन्या कपड्यांची वाकळ शिवत होती, मी सुईत दोरा ओवून देत होते. तेवढ्यात बाबा बनियनवरच वर आले. "लग्नाला निघालोय. माझा पांढरा शर्ट कुठं हाय?"

शर्ट खिशासकट वाकळेत शिवून झाला होता.

"कॉलर फाटलीती की," आई म्हणाली.

"फाटू दे, माझा आवडता हाय न्हवं?" तणतणत ते काकांचा शर्ट घालून गेले, पोटावरचं बटण उघडंच.

ते वाकळ उसवतील या भीतीनं मी ती कॉटखाली लपवली. पण पुढं प्रत्येक थंडीत बाबांनी तीच पांघरली, आणि झोपताना चष्मा त्याच खिशात ठेवला.

आता माझाही तिथंच असतो.